हॉर्न मारला की आतेची स्कूटर मध्येच का थांबते

आमच्या आतेचे दोन्ही गुडघे गेलेत. घरात वॉकर धरून ती स्वयंपाकघरापर्यंत जाते, पण गेटच्या बाहेर पडायचं म्हणजे कोणीतरी गाडी काढायची, तिला आत बसवायचं, मार्केटजवळ उतरवायचं, मग पार्किंग शोधत फिरायचं, आणि हे सगळं होईपर्यंत तिचा मूड गेलेला असतो, "सोड, तूच घेऊन ये मासळी" म्हणते आणि गाडीतच बसून राहते. तिची मुलगी स्विंडनला असते. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या गोंयकारांची तिथं मोठी वस्ती आहे, त्यातलीच ती एक. तिकडे तिनं सत्तरी-ऐंशीतल्या बायका मोबिलिटी स्कूटरवर, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीच्या गाडीवर, बसून दुकानात एकट्या जाताना रोज बघितलेल्या, त्यामुळे ह्या वेळी सुट्टीवर आल्या आल्या तिनं आईसाठी एक मागवून टाकली. आम्ही सगळे म्हटलं, पणजीत? मळा भागातून मार्केटला? ह्यावर बसून? आते मात्र कधी येते कधी येते करत होती.

पहिल्याच आठवड्यात जे झालं त्यावरून हा लेख लिहायला घेतलाय. मी तिच्या बाजूने चालत होतो, ती रस्त्याच्या कडेने आपली निवांत चाललेली, मागून एक पिकअप आली आणि दोन फुटांवरून ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. स्कूटर जागच्या जागी थांबली, म्हणजे हळूहळू नाही, खिळा ठोकल्यासारखी. पिकअपनं करकचून ब्रेक मारला, तिच्या मागची बाईक कशीबशी बाजूनं निसटली, आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडतो, "आगे, मदींच कित्याक बंद केली?" आते माझ्याकडे बघते आणि म्हणते, मी काय्येक केलं नाही रे. आणि खरंच तिनं काही केलं नव्हतं. ती फक्त दचकली होती.

इथं ह्या यंत्राची खरी गोम आहे आणि ती कळली की बाकीचं अर्धं आपोआप कळतं. आपण ज्याला स्कूटर म्हणतो त्यात मूठ पिळायची आणि थांबायला ब्रेक दाबायचा. मोबिलिटी स्कूटरला, म्हणजे खुर्ची, पुढे एक दांडा, त्यावर हँडल आणि खाली तीन किंवा चार लहान चाकं असलेल्या ह्या बॅटरीच्या गाडीला, बहुतेक वेळा पायाचा ब्रेकच नसतो. हँडलच्या खाली एक पातळ पट्टीसारखी लिव्हर असते, अंगठ्यानं किंवा बोटांनी दाबायची, एका बाजूने दाबली की पुढे, दुसऱ्या बाजूने दाबली की मागे. आणि थांबायचं असेल तर? सोडून द्यायची. बस. सोडली की मोटर स्वतःच गाडीला आवरते आणि आतला विजेवरचा ब्रेक चाकं लॉक करतो. हे मुद्दाम असं केलंय, कारण वापरणाऱ्याला चक्कर आली, हात गळाला, झोप लागली तर गाडी आपोआप थांबायला हवी. डिझाइन एकदम शहाणं आहे, फक्त ते करणाऱ्यांनी आपला हॉर्न ऐकला नसावा.

कारण माणूस दचकला की हात दोनच गोष्टी करतो. एक तर सुटतो, मग गाडी मधेच थांबते आणि मागचा येऊन आदळतो. नाहीतर घट्ट आवळतो, आणि ही दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण सायकलवर आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोक्यात हँडल आवळणे म्हणजे ब्रेक, पण इथं हँडल आवळताना लिव्हरही दाबली जाते आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळी मारते. गटाराकडे, नाहीतर समोरच्या माणसाच्या पोटरीत. म्हणजे आपण ज्या हॉर्ननं "बाजूला व्हा" सांगतोय तोच हॉर्न ह्या गाडीला एक तर खिळवतो नाहीतर फेकतो, बाजूला मात्र तो तिला कधीच नेत नाही.

पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, पों पों आतेला चालतो, कारण तो तीन घरं आधीच ऐकू येतो, तोपर्यंत ती भिंतीला लागून उभी राहिलेली असते. लांबून, एकदाच, हलका हॉर्न ठीक आहे. पण मागे येऊन अंगावर वाजवायचा नाही, त्यापेक्षा वेग कमी करा, थोडे थांबा आणि जागा मिळाली की लांबून ओव्हरटेक करा, जसं गुरं रस्त्यात असली की आपण करतोच की. गुरांना आपण जेवढा वेळ देतो तेवढा माणसाला देत नाही, पण तो विषय वेगळा.

ओव्हरटेक करताना बाजूला निदान दीड मीटर सोडा. कारण ही गाडी सरळ रेषेत जाईल ह्याची गॅरंटी नसते. चाकं लहान असतात, आठ-दहा इंचांची, बाईकला जो खड्डा जाणवतसुद्धा नाही तो तिच्यासाठी विहीर असतो, आणि सिमेंटच्या झाकणाची वर आलेली कड, केबल टाकून नीट न बुजवलेली चर, हे सगळं ती वळसा घालूनच पार करते. आते अचानक उजवीकडे आली म्हणून तिला शिव्या घालायच्या आधी डावीकडे काय आहे ते बघावं. बहुतेक वेळा तिथं गटाराची मोडलेली लादी असते.

आता वेगाचं गणित. ब्रिटनमध्ये ह्या गाड्यांचे नियम चांगले स्पष्ट आहेत, १९८८ पासून. तिथं दोन वर्ग पडतात. एक फूटपाथवरची, तिला ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर, हीच मर्यादा. दुसरी रस्त्यावरही चालणारी, तिला रस्त्यावर ८ मैल, म्हणजे तेराच्या आसपास, पण फूटपाथवर चढली की तिलाही ४ मैलच. रस्त्यावरच्या वर्गाला दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसा हवा, नोंदणी हवी, चालवणारा १४ वर्षांच्या वर हवा, लायसन्स मात्र लागत नाही. म्हणजे त्यांनी ह्या गाडीला कार केलं नाही आणि खुर्चीही ठेवलं नाही, मधलीच एक जागा करून दिली.

योगायोगानं आपला मोटर वाहन कायदाही १९८८ चाच. त्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’, म्हणजे अपंगांसाठीची गाडी, असा शब्द होता, २०१९ च्या दुरुस्तीत त्याच्या जागी ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’ आला, पण त्यात मुख्यतः येतात त्या साइड व्हील लावलेल्या दुचाक्या आणि हाताने चालवायच्या कंट्रोलच्या कार, ज्यांना नंबर आणि लायसन्स लागतं. दुसऱ्या टोकाला एक नियम आहे की मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेलं बॅटरीवरचं वाहन, बाकी अटी पाळल्या तर, मोटर वाहन धरलंच जात नाही. मोबिलिटी स्कूटर ह्या दोघांच्या मधे कुठेतरी लोंबकळते, फूटपाथवर किती वेग, रस्त्यावर किती, असा तिच्यासाठी वेगळा तक्ता आपल्याकडे नाही. एक गोष्ट मात्र लिहिलेली आहे आणि ती कोणाला माहीत नसते: २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगकडे येताना ड्रायव्हरनं वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्यांना, इनव्हॅलिड कॅरेजवाल्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना वाट द्यायची असं म्हटलंय. थांबायचं. हॉर्न मारून निघून जायचं नाही.

हे थांबणं का लागतं ते आकड्यात बघा. रस्ता समजा १२ मीटर रुंद आहे आणि आतेची गाडी ताशी ६ किलोमीटरनं चाललीय. म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेदोन मीटर, रस्ता ओलांडायला सात सेकंद. पन्नासच्या वेगाने येणारी बाईक त्या सात सेकंदांत शंभर मीटरच्या जवळपास येते. म्हणजे आते निघते तेव्हा जी बाईक शंभर मीटरवर, अगदी लांब, ठिपक्यासारखी दिसतेय, ती आते पलीकडे पोचताना तिच्या बरोबर समोर असणार. चालणारा माणूस मधे पोचल्यावर दोन उड्या मारतो, पळतो, मागे सरकतो. ही गाडी पळत नाही. ससा आणि कासव अशी चित्रं असतात वेगाच्या बटणावर, खरंच, पण सशावर ठेवलं तरी तो काही फार मोठा ससा नाही.

रेंट अ बाईक घेऊन फिरणाऱ्या टुरिस्टांचं मला जास्त भय वाटतं, कारण त्यांना रस्ता माहीत नाही, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, आणि नजर गूगल मॅपवर. पण खरं सांगायचं तर आतेला सगळ्यात जवळून चाटून गेलेली गाडी आमच्याच वाड्यावरच्या मुलाची होती.

उंचीचाही प्रश्न आहे. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतं. आजकालच्या मोठ्या एसयूव्हीचं बोनेटच जवळजवळ तेवढं असतं. मार्केटकडे दोन गाड्यांच्या मधून ती बाहेर येते तेव्हा तुम्हाला ती दिसत नाही आणि तिला तुम्ही दिसत नाही, आणि रिव्हर्स घेताना तर अजिबात नाही. त्यामुळे आम्ही खुर्चीच्या मागे मच्छीमारीच्या होडीला असतो तसा एक काठी-झेंडा लावलाय, भगवा नको पांढरा नको, म्हणून भडक पोपटी. पोरं हसतात. हसू देत, बघतात तरी. संध्याकाळी बाहेर पडायचं तर मागच्या बाजूला आणि चाकांच्या वर चकाकणारी पट्टी हवीच, कारण हिचे स्वतःचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर असतात आणि हेडलाइटच्या झोतात हरवतात.

एवढं सगळं ऐकल्यावर लोक विचारतात, मग ती रस्त्यावर येतेच कशाला, फूटपाथ आहे ना. आहे. पणजीतल्या १८ जून रोडवर मी तिच्यासोबत फूटपाथवरून गेलो तो दिवस सांगतो. एका टोकाला छान उतार होता, चढली, खूश, दुकानांच्या काचेत बघत बघत निघाली. साठ-सत्तर पावलांवर एक दुचाकी आडवी लावलेली, तिच्या पुढे आणखी दोन. फूटपाथची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर असावी असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं म्हणणं आहे आणि दुचाकीची लांबी साधारण तेवढीच असते, म्हणजे एक आडवी लागली की फूटपाथ संपला. चालणारा माणूस खाली उतरून वळसा घेतो आणि परत चढतो, त्याला कळतही नाही की त्यानं काही केलं. आतेला उतरता येत नाही. तिची गाडी जेमतेम पाच सेंटिमीटरची कड चढते-उतरते, तीसुद्धा सरळ समोरून, तिरकी गेली तर कलंडेल, आणि आपल्याकडे फूटपाथची कड वीतभर उंच, काही ठिकाणी त्याहून जास्त. वळायला जागा नव्हती, म्हणून ती ते सगळं अंतर रिव्हर्समध्ये परत आली. रिव्हर्सला ही गाडी बीप बीप वाजते. साठ-सत्तर पावलं बीप बीप, सगळे बघतायत, आणि आतेचं तोंड लालबुंद. त्यानंतर ती त्या फूटपाथवर चढलीच नाही.

उताराचं प्रमाण १:१२ सांगितलेलं आहे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांब उतार. आपल्याकडे दुकानांसमोर जे असतात ते हातभर लांब, घसरगुंडीसारखे, वर गुळगुळीत टाइल्स. त्याला रॅम्प म्हणण्यापेक्षा सापळा म्हणावं, विशेषतः जूनमध्ये. आणि उतार एकाच टोकाला असून चालत नाही, चढलेला माणूस उतरणार कुठे हा साधा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडायला हवा होता.

कायदा ह्या बाबतीत कमी नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा, आणि मे २०२५ मध्ये सांगितलं की मोकळा, वापरता येईल असा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपल्याकडे गोव्यात २०२३ च्या जानेवारीपासून पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव भरतो, त्या दिवसांत पणजीत व्हीलचेअर, मोटर लावलेल्या ट्रायसिकल, सगळं दिसतं आणि शहर कौतुकाने बघतं. फेस्ट संपला की उताराच्या तोंडाशी परत दुचाकी. तेव्हा तुम्हाला करण्यासारखी सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच: दोन मिनिटांचं काम असलं तरी उताराच्या तोंडावर गाडी लावू नका. ती दोन मिनिटं नेमकी तिचीच असतात.

चालणाऱ्यांसाठीही थोडं आहे. फूटपाथवर ती मागून आली तर आवाज जवळजवळ येत नाही, म्हणून आतेला मी घंटी लावून दिली, पण ती घंटी वाजवत नाही, "येते हां बाबा" म्हणते, आणि ते जास्त चालतं. तुम्ही बाजूला होताना एकाच बाजूला व्हा, ग्रुपनं असाल तर अर्धे इकडे अर्धे तिकडे असं करू नका, तिला मधून जाताना दोन्हीकडच्या पायांचा हिशेब ठेवावा लागतो. कुत्र्याची दोरी आखडती घ्या. मोबाइलमध्ये बघत अचानक थांबू नका, कारण गाडी आणि माणूस मिळून दीडशे किलोचं वजन तुमच्या टाचेमागे आहे.

आणि बिचारी आते नेहमी बरोबरच असते असंही नाही. एकदा तिनं बेकरीच्या काउंटरसमोर चावी बंद न करता उतरायला सुरुवात केली, आधारासाठी हँडल धरलं, लिव्हर दाबली गेली, आणि गाडी काउंटरला जाऊन भिडली. बरणी फुटली, बिस्किटं खाली. चढताना-उतरताना चावी बंद, हा नियम त्या दिवशी घरात लागू झाला. दुसरा नियम, हँडलला पिशव्या लटकवायच्या नाहीत. तिनं मार्केटातून येताना चार नारळ डावीकडे लावले होते, वळताना पिशवी लिव्हरवर घासत होती आणि वजनानं हँडल एका बाजूला ओढत होतं. आता मागे टोपली आहे, त्यातही जड सामान खाली. चढावर वजन मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात, त्यामुळे आल्तिन्होच्या टेकडीच्या बाजूला ती जातच नाही, आणि ते शहाणपण आहे, घाबरटपणा नाही.

मदत करायची असेल तर आधी विचारा, आणि विचारा तिला, मला नाही. लोक माझ्याकडे बघून "ह्यांना पलीकडे जायचंय का" म्हणतात, आते तिथंच बसलेली असते, कान शाबूत आहेत तिचे. गाडी अडकली म्हणून मागून ढकलायला जाऊ नका, बंद असताना चाकं लॉक असतात, ती हलणार नाही आणि तुमची कंबर जाईल. ढकलता यावी म्हणून मोटरजवळ एक खटका असतो, तो काढला की चाकं मोकळी होतात, पण त्याच वेळी ब्रेकही जातो, तेव्हा उतारावर तो कधीही काढायचा नाही. एका भल्या माणसानं काढला होता. गाडी एकटीच निघाली, सुदैवानं आते तेव्हा बाकावर बसलेली. उचलायची वेळ आली तर हात खुर्चीला किंवा हँडलला घालू नका, ते निघून हातात येतात, खालच्या सांगाड्याला धरा आणि तिला आधी उतरू द्या.

पावसाचं वेगळं सांगायला नको, पण मोटर आणि वायरिंग घोट्याच्या उंचीवर असतं एवढं लक्षात ठेवा. तुम्ही साचलेल्या पाण्यातून चाळीसनं गेलात की तिच्या साडीचं राहू दे, गाडी रस्त्याच्या मधे बंद पडू शकते.

सगळ्यात अवघड जागा मला वाटली होती बेतीची फेरी, म्हणजे मांडवी ओलांडून बेतीला नेणारी बोट. तिची बहीण पलीकडे राहते. भरतीला ठीक असतं, ओहोटीला फेरी खाली लागते आणि एरवी पाण्याखाली असलेला शेवाळलेला भाग उघडा पडतो, त्यावरून ही लहान चाकं. शिवाय फेरी लागायच्या आधीच सगळ्या बाईक्स स्टार्ट होऊन घुर्र घुर्र करत असतात, प्रत्येकाला पहिलं उतरायचं. पहिल्या दिवशी फेरीवरच्या माणसानं आतेला विचारलं, आधी की मागाहून? ती म्हणाली मागाहून. त्यानं तिला केबिनच्या बाजूला भिंतीला लागून उभी केली, चावी बंद करायला सांगितली, सगळ्या बाईक्स आणि गाड्या गेल्या, मग रॅम्पवर तो स्वतः उलटा चालत तिच्या समोर राहिला, दोन्ही हात पुढे, गाडीला न लावता. धक्क्यावर चढायला थांबलेल्या एकानं हॉर्न दिला. फेरीवरच्या माणसानं मागे न बघताच हात वर केला, आणि आतेनं बटण कासवावर फिरवलं.